नवी डायल, हरवलेला पुरावा

पीएच.डी.ला नोंदणी झाली त्याच वर्षी मी एक ऐतिहासिक साधन स्वतःच्या पैशाने खराब करून घेतलं. आजोबांचं मनगटी घड्याळ, वेस्ट एंड कंपनीचं ‘सोवार प्रिमा’. भडगावच्या घरी ते फडताळात कित्येक वर्षं बंद पडून होतं. डायल पिवळी पडलेली, आकड्यांभोवती तपकिरी डाग. वडिलांना चालू करून द्यावं म्हणून मुंबईत एका दुकानात दिलं. पंधरा दिवसांनी परत आलं ते डायल पांढरीशुभ्र, आकडे काळेभोर. वडील खूश, मीही खूश.

पुढे ‘खानदेशात मनगटी घड्याळ कसं पोहोचलं’ हा प्रश्न प्रबंधात आला तेव्हा ते भिंगाखाली धरलं. अक्षरं जाडीभरडी, मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत, आणि सहाच्या आकड्याखालची ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ गायब. म्हणजे डायल साफ केलेली नव्हती, खरवडून नव्याने रंगवली होती. घड्याळ कोणत्या काळातलं, हे ज्या छपाईवरून ठरवता आलं असतं तीच गेली.

यात कारागिराचा दोष मी धरत नाही. ‘नव्यासारखं करा’ असं मीच सांगितलं होतं.

आता थोडी पार्श्वभूमी. फावर-ल्युबा ही स्विस कंपनी मुंबईत आली १८६५ मध्ये. वेस्ट एंडचं नाव इंग्रजी वाटतं, पण घड्याळं स्विस. हे नाव १८८६ मध्ये नोंदवलं गेलं ते भारतातल्या बाजारासाठी. ‘सोवार’ म्हणजे आपला स्वारच. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले. मग घड्याळजी एकाचं मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये बसवायचे, डायल रंगवून द्यायचे. गिऱ्हाइकाला वेळ कळली की झालं. आज जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला कुत्सितपणे ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मला हा शब्द अर्धाच पटतो. टंचाईच्या काळातली ती दुरुस्ती होती. तीच वस्तू ‘ओरिजिनल’ म्हणून विकली की फसवणूक सुरू होते. एचएमटीच्या ‘जनता’चंही आता तेच चाललंय. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला या सरकारी कंपनीची घड्याळं बनू लागली, २०१६ मध्ये तो व्यवसाय बंद करायचा निर्णय झाला, आणि कंपनीने कधी न काढलेल्या रंगांच्या डायली आज विकायला आहेत.

माझ्यापुढचा खरा पेच वेगळा होता. घरात जमिनीची, शाळेची, रेशनची सगळी कागदपत्रं आहेत, पण घड्याळाचं बिल नाही. आधी वाटलं, हरवलं असेल. मग १९६२ चा सीमाशुल्क कायदा वाचला. त्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याच्या जोडीला घड्याळं आहेत. माल चोरटा असल्याच्या रास्त संशयावरून जप्ती झाली, तर तो चोरटा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर! असा कायदा असताना माणूस बिल जिवापाड जपेल ना? मग ते नाही याचा अर्थ काय लावायचा? घड्याळ चोरट्या वाटेने आलेलं, कायद्याच्या आधीचं, की कुणाकडून जुनं घेतलेलं? बघा, कागद नसणं हीसुद्धा नोंद असते, पण तिचे अर्थ तीन निघतात आणि आपल्याला आवडणारा आपण पटकन उचलतो. मी ‘स्मगलिंग’ उचललं होतं. चॅप्टर भारी झाला असता.

वाचवलं ते मागच्या झाकणाने. घड्याळ उघडलं की जुने घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने खूण करून ठेवायचे. आमच्या झाकणात तीन खुणा निघाल्या. एकीत स्पष्ट ‘७/५८’. ही तारीख धरली तर जुलै १९५८ मध्ये घड्याळ वापरात होतं, म्हणजे १९६२ च्या आधीचं. मात्र तेव्हा ते आजोबांच्याच हातात होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय झाकण मूळचं की बदललेलं, हेही तपासावंच लागतं.

म्हणून, घरातलं घड्याळ दुरुस्तीला देणार असाल तर आधी डायल, मशीन, झाकण सगळ्याचे फोटो काढा. ‘सर्व्हिसिंग करा, डायलला हात लावू नका’ असं स्पष्ट सांगा, बदललेला भाग परत मागा. डायलवर जुनं रेडियम असेल तर स्वतः खरवडू नका. चमक गेली तरी किरणोत्सार शेकडो वर्षं राहतो. आणि विकत घेणार असाल तर हे लक्षात ठेवा की लिलावात मूळची डागाळलेली डायल रंगवलेलीपेक्षा सहसा जास्त भाव खाते. नव्या महागड्या घड्याळाचंही बिल, डबा, वॉरंटी कार्ड ठेवाच. पन्नास वर्षांनी कुणाला तरी लागेल.

वडील ते घड्याळ रोज सकाळी चावी देऊन घालतात. आजोबा नोकरीला भुसावळला होते. झाकणातल्या तिसऱ्या खुणेत एक देवनागरी अक्षर आहे. मी ते ‘भ’ वाचतो, गाईड ‘म’ वाचतात.