काचेच्या अंड्याचे वय

विषय ऐकून काहींना हसू आले असेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दुधी काचेची पोकळ अंडी पुष्कळ फुंकली गेली. शेतकरी ती खुराड्यात ठेवी. आयते अंडे दिसले की कोंबडी तेथेच अंडी घाली. शहरात तशाच अंड्यांवर फुले-पाखरे रंगवून ती ईस्टरच्या सणाला भेट देत.

अशा अंड्यावर कारखान्याचे नाव बहुधा नसते. म्हणून आधी टोक पाहावे. फुंकणीपासून अंडे सोडवले तेथे भोक किंवा खडबडीत वळ राहतो. मग रंग. हे रंग बहुधा भट्टीत भाजलेले नसत. हाताळण्याने ते उडतात. शंभर वर्षांच्या अंड्यावर गुलाब कालच्यासारखा टवटवीत असेल, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. नाव असेल तर माल बहुधा त्यानंतरचा. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण कागदी चिठ्ठी गळून पडते.

राहिली शिवण. साच्याचे दोन अर्ध मिळतात तेथे काचेवर बारीक रेघ उठते. साच्यात काच फिरवत फुंकली तर ती पुसते; तेव्हा रेघ नाही म्हणजे साचा नाही, असे समजू नये. मला मात्र या रेघेपाशी थांबावेसे वाटते. १९०८ साली लुईस हाइन याने इंडियाना आणि वेस्ट व्हर्जिनियातील काचकारखान्यांत छायाचित्रे घेतली. त्यांत कारागिराच्या पायाशी बसून साचा मिटणारी, उघडणारी पोरे आहेत. काही चित्रे तर रात्रपाळीची आहेत. पिट्सबर्गला फ्लिंट काचकामगारांची युनियन १८७८ मध्येच निघाली होती, पण ती कसबी कारागिरांची. आम्हीही बदली कामगाराकडे सर्वांत शेवटी पाहिले, हे मी येथे कबूल करतो.

विक्रेता छातीठोकपणे '१८८५' सांगेल. मी एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा विसाव्याचा आरंभ एवढेच म्हणेन, आणि शिवण असली तर तिच्यावरून एकदा बोट फिरवून पाहीन.