हापशाचं पाणी आणि लोखंडाचा गंज

सत्तरच्या दशकात बांगलादेशात गावोगावी हापसे बसू लागले. तळ्याचं गढूळ पाणी पिऊन लहान मुलं कॉलरा आणि हगवणीनं दगावत होती. म्हणून सरकारनं युनिसेफच्या मदतीनं उथळ कूपनलिकांची मोहीम हाती घेतली. हेतू नेक होता. पुढं लोकांनी पदरमोड करून लाखो हापसे बसवले. पाणी नितळ दिसत होतं. त्यात आर्सेनिक आहे का, हे मात्र कुणी तपासलं नाही.

इशारा शेजारून मिळाला होता. १९८३च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांच्या अंगावरचे डाग आर्सेनिकचे असल्याचं ओळखलं. सरहद्दीपलीकडं, चापाई नवाबगंजमध्ये, हे विष सापडायला १९९३ उजाडलं. मधली दहा वर्षं हापसे बसतच राहिले. भूजल सरहद्द मानत नाही, कचेऱ्या मात्र मानतात.

२००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २७ टक्के उथळ कूपनलिकांमध्ये लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे. कोट्यवधी लोक हेच पाणी पीत होते. कर्करोग उशिरा येतो, डाग आधी दिसतात. डागांमुळं मुलींची लग्नं मोडली, बायकांना माहेरी धाडलं गेलं.

हे विष कारखान्याचं नव्हतं. हिमालयातून आलेल्या गाळात लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की तो गंज विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं.

उतारा याच गंजात होता. मूळचे कुष्टियाचे आणि अमेरिकेत शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्सम यांनी लोखंडाचा भुगा, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे वापरून 'सोनो' फिल्टर बनवला. त्याला वीज लागत नाही. २००७मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला, त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी फिल्टर वाटपासाठी दिली.

नॅनो तंत्रानं हीच वाट पुढं नेली. कण जितका बारीक, तितका त्याच वजनात पृष्ठभाग जास्त आणि आर्सेनिकला चिकटायला जागाही जास्त. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांनी लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये बसवले. असे कण सुटून पाण्यात जात नाहीत. त्यांचं 'अमृत' तंत्र पश्चिम बंगालमध्ये वापरात आलं.

पण अधिशोषक विष नष्ट करत नाही, फक्त धरून ठेवतो. त्याची जागा भरली की तो बदलावा लागतो, आणि काढलेला गाळ उकिरड्यावर टाकला तर प्रश्न पुन्हा जमिनीतच जातो. पाण्याची तपासणी दर वर्षी कोण करणार, फिल्टर कोण बदलणार, खर्च कोण उचलणार? हापसे बसवताना हे प्रश्न विचारले गेले नाहीत, त्याची किंमत गरिबांनी मोजली. फिल्टर बसवताना तरी ते आधी विचारायला हवेत.