धर्मदूत आणि परभाषा

मिशनरी म्हटला कीं बंगला, पगार व नोकरचाकर यांचें चित्र आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. मॉर्मन पंथाचा ह्यू फिंडले हा स्कॉच धर्मदूत १८५२ सालीं मुंबईस उतरला, तेव्हां त्याच्यापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. धर्मदूतानें पदरीं पैसा न बाळगतां लोक देतील त्यावर राहावें, असा त्या काळीं त्याच्या पंथाचा शिरस्ता होता. पुण्याच्या लष्करी छावणींत उपदेश करण्यास त्याला मनाई झाली. तेव्हां त्यानें मराठीचा अभ्यास आरंभिला. इतक्यांत पंथाच्या पुढाऱ्यांनीं बहुपत्नीकत्वाचा उघड पुरस्कार केल्याची वार्ता इकडे येऊन थडकली. १८५५ सालीं फिंडले परत गेला; मागें थोडेसेच अनुयायी राहिले.

याच्या उलट अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल हा १८१३ पासून १८२६ सालीं मरण येईपर्यंत येथेंच राहिला. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलेला नवा करार त्याच वर्षीं मराठींत छापून निघाला.

आज मॉर्मन तरुण अठराव्या वर्षींच परदेशीं निघूं शकतो. तो नेमानें उठून ग्रंथवाचन करतो, सोबत्यावांचून बाहेर पडत नाहीं, आणि दोन वर्षांनीं घरीं परततो. ही शिस्त आम्हांस आदरणीय वाटते. परंतु परक्यांच्या अंतःकरणांत शिरावयास दोन वर्षें थोडीं. आम्ही उभा जन्म इंग्रजीच्या अध्यापनांत घालविला. तरी त्या भाषेंत शोक कसा करावा, हें आम्हांस अद्याप साधलेलें नाहीं.