आपला धाराशिव जिल्हा : भूमी, इतिहास आणि लोकजीवन

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने सिद्धीस जात आहे. या मंगल प्रसंगी आपल्या जिल्ह्याचीही थोडी ओळख नव्या पिढीस व्हावी, या हेतूने हा अल्प प्रयत्न. जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला सावरणे. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास हा बव्हंशी अशा सावरण्याचाच इतिहास आहे.

भूमी व पाणी

मराठवाड्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आपला जिल्हा वसला आहे. बालाघाटाच्या रांगेने येथील पाणी दोन वाटांनी वाटून दिले आहे. मांजरा आणि तिला मिळणारी तेरणा यांचे पाणी गोदावरीकडे जाते. सीना व बोरी यांचे पाणी भीमेतून कृष्णेकडे जाते. दोन थोर नद्यांना पाणी देणारी ही भूमी स्वतः मात्र पुष्कळदा तहानलेलीच राहते. मृगाने हूल दिली तरी उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी तरते, हा शेतकऱ्याचा भरवसा. तोही मोडला, की दुष्काळ. १९७२ साली दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

पाणी अडविण्याची विद्या येथे जुनी आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेला दगडी बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील काम आजही उभे आहे.

प्राचीन व अर्वाचीन इतिहास

तेरणाकाठचे तेर हे जिल्ह्याचे सर्वांत जुने वैभव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ या नावाने उल्लेखिलेले नगर ते हेच. येथील कापड बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरी जाई आणि तेथून समुद्रपार होई. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याची पाठ अर्धवर्तुळाकार असल्याने ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली. पूजा चालू राहिली, म्हणून विटाही राहिल्या. संत गोरोबाकाका याच गावचे.

तुळजापूरची भवानी ही भोसले घराण्याची कुलस्वामिनी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी तिची पालखी आजही अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते.

पुढे हा प्रदेश निजामाकडे गेला. मध्यंतरी १८५३ ते १८६० या काळात तो इंग्रजांच्या ताब्यात होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीतील छावण्यांतून अनेकांनी लढा दिला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला. २०२३ मध्ये ‘उस्मानाबाद’ हे नाव जाऊन ‘धाराशिव’ हे जुने नाव जिल्ह्यास परत मिळाले.

लोकजीवन

ज्वारीची भाकरी, हरभरा, तूर हे येथील अन्न. सोयाबीन अलीकडचे. काळी उस्मानाबादी शेळी ही गरिबाची गाय. अडीनडीला तीच कामी येते. भूम-वाशीकडचा खवा व कुंथलगिरीचे पेढे दूरवर जातात. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. पाऊस न झाल्यास अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतात. परंतु नवरात्रात आराध्यांचे मेळे निघाले, की पावले गावाकडे वळतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? आदल्या रात्री गणेशविसर्जन झाले होते. चारच्या सुमारास भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरची माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. लातूर-धाराशिवच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर परिसरात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. गावे नव्या जागी वसली, घरे पक्की झाली. पण वेशी, पार, वाडे जुन्या गावठाणातच राहिले. माणूस वाचला तर घर पुन्हा बांधता येते, गावाची खूण मात्र पुन्हा बांधता येत नाही, हे त्या प्रसंगाने शिकविले.

एक विनंती

तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात सापडलेल्या मण्यांपासून मूर्तींपर्यंत असंख्य वस्तू आयुष्यभर जपल्या. त्यांतूनच तेथे आजचे संग्रहालय उभे राहिले. त्यांच्यासारखी दृष्टी प्रत्येक गावात हवी. जीर्णोद्धारात निघालेले जुने दगड, वीरगळ, भंगलेल्या मूर्ती पायात गाडू नयेत. मंदिराच्या आवारातच ओट्यावर मांडाव्यात. अक्षरे कोरलेल्या दगडावर ऑइलपेंटचा एक हात फिरला, की तो कायमचा मुका होतो. नव्या फरशीवर देणगीदारांची नावे जरूर असावीत. त्यांच्या शेजारी ज्यांची नावेही उरली नाहीत अशा जुन्या कारागिरांचा एखादा दगडही असावा.

ज्या ग्रामस्थांनी श्रमदान केले आणि ज्या दात्यांनी दुरून गावाची आठवण ठेवली, त्या सर्वांचे कल्याण होवो, वेळेवर पाऊस पडो आणि हे देवालय पुढील पिढ्यांच्या हातीही सुखरूप जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.