नामा म्हणे, पण कोणता नामा?

गणपतीच्या दिवसांत घरोघरी विठोबाच्या दोन आरत्या बहुधा लागोपाठ म्हटल्या जातात. आधी 'युगे अठ्ठावीस', मग 'येई हो विठ्ठले'. पहिलीच्या अखेरीस नामदेव हे नाव येते आणि दुसरीच्या अखेरीस विष्णुदास नामा. टाळांच्या गजरात हा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि यावा अशी अपेक्षाही नाही. वर्गात मात्र तो एकदा ध्यानात आला. मध्ययुगीन वाङ्मयाच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, विष्णुदास हे नामदेवांच्या वडिलांचे नाव का?" वर्ग हसला. वडिलांचे नाव दामाशेटी, हे तोवर सांगून झाले होते. मी वाङ्मयेतिहासातले तयार उत्तर दिले: विष्णुदास नामा हा निराळा कवी, सोळाव्या शतकातला, एकनाथांचा समकालीन, ज्ञानेश्वरांचे समकालीन नामदेव ते हे नव्हेत. तिने वहीत लिहून घेतले. मला मात्र घरी येताना त्या उत्तराची थोडी लाज वाटत राहिली, कारण ती आरती या दोघांपैकी नक्की कोणाची, हे मी सांगितले नव्हते. आणि खरे म्हणजे मला ते सांगता येण्यासारखे नव्हते.

एकाच नावाची दोन माणसे इतिहासात होऊन जाणे यात नवल ते काय? आपल्याकडे तर नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. राजघराण्यांत याचा फारसा घोटाळा होत नाही, कारण राजाच्या मागे शिलालेख असतात, सनदा असतात, नाणी असतात. संतकवीच्या मागे काय असते? त्याची नाममुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटच्या चरणातले एक-दोन शब्द. तेवढ्याच शब्दांवरून आपण माणूस उभा करतो, त्याला जन्मशक देतो, जन्मगाव देतो आणि अभ्यासक्रमात एक घटक देतो.

ही नाममुद्रा छंदात बसवायची असते, याचा विचार आपण फार कमी करतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. 'नामा म्हणे' यात चार अक्षरे भरतात. पुढे दोन अक्षरांचा आणखी एखादा शब्द घातला की चरण पुरा झाला. 'विष्णुदास नामा' यात नेमकी सहा अक्षरे आहेत. चरण जागच्या जागी भरतो. विष्णूचा दास ही तर कोणाही वैष्णवाला लावून घेता येईल अशी उपाधी. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शिंपी नामदेवांनी सहा अक्षरांच्या गरजेपोटी, किंवा निव्वळ नम्रतेपोटी, स्वतःला विष्णुदास म्हणवले असेल तर त्यांना कोणी अडवणार नव्हते. म्हणून अभंगाखाली 'विष्णुदास नामा' दिसले की तो सोळाव्या शतकातला, हा आपला वर्गातला ठोकताळा मुळातच डळमळीत आहे. आख्यानांची गोष्ट वेगळी. ओवी अक्षरसंख्येच्या बाबतीत सैल असते, तिथे नाव लांबवण्याची अशी निकड नसते. आख्यानकार स्वतःला विष्णुदास नामा म्हणवतो तेव्हा ती त्याने जाणूनबुजून लावलेली ओळख आहे, असे मानायला जागा आहे.

भाषेच्या कसोटीचे काय? रा. गो. भांडारकरांनी वैष्णव आणि शैव पंथांवरील १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरीच्या मराठीहून बरीच अर्वाचीन दिसते, या कारणाने नामदेवांना ज्ञानेश्वरांनंतर सुमारे शंभर वर्षांनी बसवले. परंपरा दोघांना समकालीन मानते: नामदेवांचा काळ १२७० ते १३५०, आणि ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. भांडारकरांसारख्या पंडिताचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. तरी या तुलनेत एक मूलभूत अडचण आहे. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ. तो नकलून घेतला जात होता, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी त्याची प्रत शुद्ध करून ठेवली. नामदेवांचे अभंग कीर्तनातले, म्हणजे तोंडातोंडी जगलेले. गाणाऱ्याच्या तोंडी जुनी रूपे टिकत नाहीत. समोरच्या श्रोत्याला कळेल ते रूप त्याच्या तोंडून आपसूक येते. नामदेवांच्या हयातीतली एकही प्रत आपल्या हाती नाही. त्यांची पदे ज्यात आली तो शिखांचा आदिग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला, म्हणजे नामदेवांनंतर तब्बल अडीचशे वर्षांनी. बांधून ठेवलेल्या ग्रंथाची भाषा एका पारड्यात आणि वाहत्या गाण्याची दुसऱ्या पारड्यात घालून आपण कालनिर्णय करत आलो, हे मला पटत नाही.

याच कसोटीवर भांडारकरांच्याही आधी एक मोठे वादळ उठले होते. १८९८-९९ च्या सुमारास 'सुधारक' पत्रात शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लेख लिहिले आणि ज्ञानेश्वर एक नव्हेत, दोन आहेत, असा सिद्धान्त मांडला. एक आपेगावचे ज्ञानदेव. हे ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव यांचे कर्ते, नाथपंथी, शिवाकडे ओढा असलेले. दुसरे आळंदीचे ज्ञानेश्वर. हे अभंग लिहिणारे, विठ्ठलभक्त वारकरी. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती नाही, अभंगांत ती ओथंबून आहे. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची नवी. समाध्याही दोन ठिकाणी दाखवल्या जातात. हे त्यांचे मुख्य आधार. भिंगारकरबुवांसारख्यांनी खंडन केले, पुढेही पुष्कळांनी केले, आणि आज द्विज्ञानेश्वरवाद हा परीक्षेत टीप लिहिण्यापुरता उरला आहे. एकच माणूस एका ग्रंथात गीतेवर भाष्य करील आणि सायंकाळी वाळवंटात विठोबाचे गाणे म्हणेल, यात अशक्य काही नाही. आणि दोन्हीकडे गुरू म्हणून निवृत्तिनाथांचेच नाव आहे.

भारद्वाजांची मला मात्र एका कारणासाठी कदर वाटते. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. त्यांच्या उत्तरात मात्र त्यांचा काळ डोकावतो. तत्त्वज्ञ ज्ञानदेव एकीकडे, भिंत चालवणारे संत दुसरीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुशिक्षित मनाला ही वाटणी किती सोयीची होती! दोन माणसे पुराव्यातून निघाली की अभ्यासकाला एका माणसात न मावणारे त्याने दुसऱ्यावर सोपवले, हा प्रश्न नामसाम्याच्या प्रत्येक वादात विचारावा लागतो.

नामदेवांच्या बाबतीत तर तो अधिकच टोचतो. येथे दोन नामे होऊन गेले याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो वाटणीचा. १९७० साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या गाथेत नामदेवांच्या नावावर दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतले कोणते कोणाचे? आपल्या समीक्षेने ही वाटणी कशी केली ते पाहावे. आर्त, थेट, काळजाला भिडणारा अभंग नामदेवांचा. पाल्हाळिक, पौराणिक, चमत्कारांनी भरलेला किंवा नुसताच सपाट असेल तर तो 'बहुधा विष्णुदास नाम्याचा'. मीही हे वर्गात अनेकदा बोललो आहे. नामदेवांनी वाईट अभंग लिहिलाच नाही, हे गृहीत आपण कुठून आणले? ऐंशी वर्षांचे आयुष्य, त्यात शतकोटी अभंगांचा संकल्प केल्याची आख्यायिका. त्या माणसाचा एखादा दिवस कोरडा गेलाच नसेल? आणि विष्णुदास नाम्याच्या हातून एखादा उत्कट अभंग उतरलाच नसेल?

विष्णुदास नामा हा काही कोणाची उष्टी उचलणारा कवी नव्हता. महाभारताची कथा मराठी ओवीत आणणाऱ्या आरंभीच्या कवींत त्याची गणना होते. त्याचे शुकाख्यान प्रसिद्ध आहे. मुक्तेश्वरांची आज मिळणारी भारताची पर्वे आपण आदराने शिकवतो. त्यांच्याआधी त्या वाटेने गेलेल्या या कवीला आपल्या अभ्यासक्रमात जागा मिळते ती नामदेवांच्या तळटीपेत, तीही 'यांच्यात गल्लत करू नये' अशा इशाऱ्याच्या रूपाने. त्याला स्वतंत्र माणूस म्हणून ओळखायचे, तर त्याच्या ग्रंथांपासून सुरुवात करायला हवी. नामदेवांच्या गाथेतून गाळून उरलेल्या अभंगांपासून नव्हे.

या वाटणीवर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. नामदेवांच्या नावावर 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही तीन प्रकरणे आहेत. ज्ञानेश्वरादी भावंडांची कथा, ज्ञानदेव-नामदेवांची तीर्थयात्रा, आळंदीचा समाधिसोहळा हे सारे आपल्याला मुख्यतः या अभंगांतून कळते. ज्ञानेश्वर स्वतः आपल्या चरित्राबद्दल फार थोडे सांगतात: गुरूचे नाव, रामदेवराव यादवांचे राज्य, ग्रंथाचा शक. बाकीचे चरित्र नामदेवांचे. समाधीचा शक १२१८, म्हणजे १२९६ साल. तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे. धाकट्या भावाला समाधीत बसवताना निवृत्तिनाथांची झालेली अवस्था त्या अभंगांतून शिकवताना आपण 'प्रत्यक्षदर्शी नामदेव' असे शब्द वापरतो. पण हे अभंग दुसऱ्या एखाद्या नाम्याचे असतील तर? मग तो डोळ्यांनी पाहिलेला सोहळा राहत नाही. तीनशे वर्षांनंतरच्या एका कवीने मनाने उभा केलेला सोहळा होतो. साहित्य म्हणून त्याचे मोल तसूभरही उणावत नाही, कदाचित वाढेलच. साक्ष म्हणून मात्र त्याची किंमत पार बदलते. ज्ञानेश्वरांचे चरित्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी नाम्याचा निवाडा करावा लागतो, आणि बहुतेक चरित्रकार तो न करताच पुढे जातात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ही तीन प्रकरणे जशी आज आहेत तशी एका हातची वाटत नाहीत. मूळचा काही गाभा जुना असावा आणि कीर्तनकारांच्या पिढ्यांनी तो भरत नेला असावा. हे मत झाले. त्याला मी सिद्धान्त म्हणणार नाही.

उलट प्रकारचा प्रश्न पंजाबने उभा केला आहे. आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. घुमान येथे त्यांचे स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा अनेक मराठी माणसांनी ते प्रथमच पाहिले असेल. हे पंजाबातले नामदेव आपलेच की दुसरे कोणी, अशी शंका वेळोवेळी घेतली गेली आहे. येथे भाषा वेगळी, प्रदेश वेगळा, सगुणापेक्षा निर्गुणाकडे झुकलेला स्वर वेगळा. पण त्या पदांत बीठल आहे, शिंप्याचे कुळ आहे आणि देवळाने नाम्याकडे तोंड फिरवल्याची ती कथाही आहे, जी आपल्याकडे औंढा नागनाथाला सांगतात. भाषा बदलली तरी माणूस एक असण्याचा संभव येथे अधिक. आणि भाषा एक असूनही माणसे दोन, हे महाराष्ट्रात. नुसत्या भाषेवर निवाडा सोपवणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

वारकरी परंपरेने स्वतः ही छाननी केली नाही. महिपतींचा 'भक्तविजय' १७६२ सालचा. त्यांना गल्लत कळली नसेल असे नव्हे, ती त्यांची अडचणच नव्हती. जिथे तुकोबांसारखा कवी नामदेवांनी स्वप्नात येऊन उरलेले अभंग पुरे करायला सांगितल्याचे लिहितो, तिथे कर्तृत्व ही वारशाने आलेली जबाबदारी असते. नामदेवांच्या घरची सारी माणसे अभंगरचना करत होती असे परंपरा सांगते, आणि जनाबाई तर आपली ओळखच नामयाची म्हणून देते. अशा घरात 'नामा म्हणे' याचा अर्थ पुष्कळदा 'नाम्याच्या घरचे आम्ही म्हणतो' असा होत असेल. हे समजून घ्यायला हवे. तथापि त्याचा आधार घेऊन 'कोणाचा का असेना, अभंग चांगला आहे ना' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही. कीर्तनात ते शोभते, एम. ए.च्या वर्गात, जिथे आपण शक आणि साल विचारून गुण देतो, तिथे शोभत नाही.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला मी उत्तर दुरुस्त करून दिले. फळ्यावर तीन रकाने केले: नामदेवांचे असण्याला स्वतंत्र आधार आहे ते, विष्णुदास नाम्याच्या ग्रंथांशी जुळते ते, आणि ठरवता न येणारे. 'येई हो विठ्ठले' तिसऱ्या रकान्यात गेली. तास संपेपर्यंत पाठ्यपुस्तकातले बहुतेक अभंगही तिथेच जाऊन बसले. तिने विचारले, "परीक्षेत काय लिहायचे?" मी म्हटले, "नामदेव लिही, पण कंसात प्रश्नचिन्ह दे." तिने ते दिले की नाही, ठाऊक नाही, पेपर माझ्याकडे तपासायला आले नव्हते.