लायडनमधील एक प्रश्न

(धागा)

१३ फेब्रुवारी १९८१, नेदरलँड्समधील लायडन शहर. अमेरिकन शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांचा तो ४३वा वाढदिवस. निवृत्त डच प्राध्यापक पीटर डोंकर यांनी पाहुण्याला शहर दाखवण्याऐवजी आपले काम दाखवायला नेले. मृतजात अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा ते मागोवा घेत होते. वॉल्श यांनी विचारले, शिश्नाच्या ताठरतेला कारण असणाऱ्या नसा यात कुठे आहेत? डोंकर यांनी त्या कधी शोधल्याच नव्हत्या.

या प्रश्नामागे पाऊणशे वर्षांचे मौन होते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर ती ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी ७ एप्रिल १९०४ रोजी केली. साहाय्यक होते विल्यम हॉल्स्टेड. स्तनाच्या कर्करोगासाठी छातीच्या स्नायूंसह स्तन काढण्याची पद्धत रूढ करणारे तेच. रोग मुळासकट उपटायचा, मागे जे उरेल त्यात रुग्णाने समाधान मानायचे, अशी त्या पिढीची धारणा होती. यंग यांच्या शस्त्रक्रियेनंतर लैंगिक क्षमता जवळजवळ हमखास जाई. जीव वाचला, आणखी काय हवे? हा प्रश्न डॉक्टर विचारत, आणि रुग्णही तो निमूट स्वीकारत. अनेक जण मात्र शस्त्रक्रियेलाच नकार देत.

हे नुकसान अटळ मानण्यामागे शरीररचनेची एक चुकीची समजूत होती. संबंधित नसा ग्रंथीच्या आतून जातात, म्हणजे ग्रंथी काढली की त्याही जाणारच, असे गृहीत धरलेले होते. प्रौढांच्या शवांवर हे पडताळणे कठीण. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या शवात चरबी आणि तंतुमय ऊती त्या केसासारख्या नसांना झाकून टाकतात. अर्भकाच्या शरीरात हा पसारा नसतो.

वॉल्श यांच्या मनात शंका पेरली ती एका रुग्णाने. १९७७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या एका गृहस्थाने तीन महिन्यांनी सांगितले की आपले दांपत्यजीवन पूर्ववत आहे. प्रचलित समजुतीनुसार हे अशक्यच. एकाच्या बाबतीत जरी नसा वाचल्या असतील, तर त्या ग्रंथीच्या आत नसाव्यात. वैद्यकशास्त्राचे भाग्य असे की त्या माणसाने संकोच न करता ही गोष्ट सांगितली.

लायडनमध्ये दोघे कामाला लागले. तीन तासांनी उत्तर समोर होते: नसा ग्रंथीच्या आवरणाबाहेरून, तिच्या दोन्ही कडांनी जात होत्या. शस्त्रक्रियेत त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून सोबत धावणाऱ्या रक्तवाहिन्या ही खूण ठरली. खूण दिसायची तर शस्त्रक्रियेची जागा रक्ताने भरलेली नको. त्या भागातील शिरांचा रक्तस्राव आटोक्यात आणण्याची रीत वॉल्श यांनी आधीच बसवली होती.

२६ एप्रिल १९८२ रोजी त्यांनी नसा जाणीवपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण ५२ वर्षांचा होता. वर्षभरात त्याची क्षमता परतली.

अर्थात हे सर्वांच्या बाबतीत घडले नाही, आजही घडत नाही. रोग कडांपर्यंत पोहोचला असेल तर नसा काढाव्या लागतात. राखलेल्या नसाही ताण आणि इजेमुळे दीर्घकाळ निष्क्रिय राहतात. सावरायला कित्येक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. या मधल्या काळासाठी उपाय हवे होते. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या वैद्यकीय परिषदेत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी औषध स्वतःला टोचून घेऊन त्याचा परिणाम विजार उतरवून भर सभेत दाखवला. (श्रोत्यांत स्त्रियाही होत्या. सभ्यतेची चर्चा बरीच झाली, परंतु उपचार टिकला.) हे औषध थेट रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर काम करते, त्याला नसांची गरज नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिल्डेनाफिलचे तसे नाही. नसांकडून आलेल्या नायट्रिक ऑक्साइडच्या संदेशाचा परिणाम ते वाढवते. संदेशच नसेल तर गोळी निरुपयोगी. म्हणजे गोळीचे यशही बऱ्याच अंशी शस्त्रक्रियागृहातच ठरते.

स्त्रियांच्या वाट्याला एवढी उत्सुकता आली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील व्यापक शस्त्रक्रियेत ओटीपोटातील तशाच नसा दुखावतात. त्या राखण्याचे प्रयत्न जपानी शल्यविशारदांनी पूर्वीच सुरू केले होते. तथापि मुख्य चिंता मूत्राशयाची होती. किरणोपचारांनी योनी कोरडी आणि आकुंचित होते. त्यावर वंगण आणि योनिमार्ग हळूहळू रुंद ठेवणारी साधने उपलब्ध आहेत, ती वापरायची कशी हे शिकवताही येते. मात्र त्यासाठी कोणीतरी आधी विचारावे लागते, आणि तपासणीच्या खोलीत हा प्रश्न आजही बहुधा रुग्णानेच काढावा लागतो.