कळकट कामाचा चाकू

आमच्या गॅलरीतली पाण्याची जाळी दर पावसाळ्यात तुंबते. कुंड्यांतली माती, तुळशीची वाळकी पानं, काथ्याचे तुकडे आणि वरच्या मजल्यावरून अधूनमधून येणारा एक अज्ञात पदार्थ यांचा तिथं एकजीव लगदा होतो. जाळी उचकटायची, लगदा कापून काढायचा आणि पाण्याला वाट करून द्यायची हे काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं. (एरवी कर्ता पुरुष कोण, हा प्रश्न आमच्याकडे निघत नाही.)

यंदा मी स्वयंपाकघरातली सुरी उचलली आणि मागून आवाज आला, "अहो, ती कांद्याची आहे!" दुसरी उचलली, ती फळांची निघाली. तिसरी वाढदिवसाच्या केकची. तिच्या मुठीला अजून गुलाबी फीत होती. विळीचं नाव काढण्याइतका मी धीट नाही. शेवटी कपाट उघडलं. तिथं भाच्यानं स्वित्झर्लंडहून आणलेला लाल चाकू डबीत झोपलेला असतो. त्यात दोन पाती, कात्री, करवत, बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र आणि दात कोरायची एक काडी. अकरा वर्षांत वापरली गेली ती फक्त काडी, आणि तीसुद्धा गेल्या वर्षी कुठंतरी हरवली. डबीखाली रुमालात बांधलेली एक लहानशी पुरचुंडी होती. ती मी बाजूला सारली.

"हा चाकू चिखलात घालणार?" सौ.नी विचारलं. माझाही हात धजेना.

"मग एक कळकट कामाचा चाकू आणा की विकत!"

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी म्हटलं, "घडीचा चाकू दाखवा, मजबूत." दुकानदारानं मला टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. दोष त्याचा नाही, हिंदी सिनेमाचा आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावाला रझा लायब्ररीसारखं हस्तलिखितांचं भांडार आहे, पण आपल्याला ते गाव ठाऊक आहे ते खट्‌कन उघडणाऱ्या चाकूमुळे. "गॅलरीतली जाळी साफ करायची आहे," असं मी सांगितल्यावर तर त्याचा संशय आणखी वाढला. मी दोन खिळे घेऊन परत आलो.

एखादं काम टाळायचं असलं की मी त्याचा अभ्यास करतो. गॅलरीत घोटाभर पाणी असताना मी तीन दिवस चाकूंचा इतिहास वाचला.

इंग्रजांच्या पेननाइफच्या नावातच पेन आहे. पिसाच्या लेखणीचं टोक तासायला तो खिशात ठेवत. आपल्याकडे बोरूला चाकू लागायचा तसाच. म्हणजे या जातीचा चाकू मुळातच कारकुनाचा. पुढे पोलादी निबं आली, लेखणी तासायची गरज उरली नाही, पण चाकू खिशात राहिला. काम गेलं तरी जागा न सोडणं हा गुणही कारकुनाचाच.

मग कारखानदारांना पात्यांचा हव्यास सुटला. इंग्लंडातल्या शेफील्ड गावच्या जोसेफ रॉजर्सच्या पेढीनं १८२२ साली १८२२ पात्यांचा चाकू केला. छापण्याची चूक नाही, अठराशे बावीसच. पुढेही ते त्यात पाती वाढवीत गेले. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी त्यांनी पंचाहत्तर पात्यांचा दुसरा चाकू घडवला. हे चाकू पाहायला लोक जमले, पण त्यांनी कोणी साधी सुतळी तरी कापली असेल, असं मला वाटत नाही.

आमच्या लाल चाकूचा पूर्वज मात्र कष्टकरी होता. स्विस सैन्यानं १८८९ साली नवी बंदूक घेतली. ती खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागायचा आणि सैनिकाचा डबा उघडायला ओपनर. दोन्ही गोष्टी एका चाकूत बसवायच्या ठरल्या. आता गंमत बघा. स्विस सैन्याचे पहिले पंधरा हजार चाकू आले जर्मनीतल्या झोलिंगेनहून! हे इबाख गावच्या कार्ल एल्सनरला सोसवेना. त्यानं कारागिरांचा संघ काढला आणि १८९१ साली सैन्याला स्वदेशी चाकू पुरवायला सुरुवात केली. पण जर्मन माल स्वस्त पडायचा. बाकीचे सोबती एकेक करून गळाले, एल्सनर कर्जात बुडाला आणि नातेवाइकांनी हात दिला म्हणून तगला. स्वदेशीचं व्रत नातेवाइकांच्या पैशावर चालतं, हे आपल्यालाही नवीन नाही. १८९७ साली त्यानं अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा चाकू काढला. त्यात स्क्रू होता आणि दारूच्या बाटलीचं बूच काढायची सोय होती. तो सैन्यानं काही दिला नाही, अधिकारी पदरच्या पैशानं घेत. आमचा लाल चाकू या साहेबाच्या वंशातला, शिपायाच्या नव्हे. चिखलात उतरायला तो नाखूश दिसतो, ते काही उगीच नाही.

मग मला ओपिनेल भेटला आणि मी जवळजवळ प्रेमातच पडलो. फ्रान्सच्या सॅव्हॉय या डोंगराळ मुलखात विळे-कुऱ्हाडी घडवणारं एक घराणं होतं. त्यातल्या अठरा वर्षांच्या जोसेफ ओपिनेलनं १८९० साली मित्रांसाठी एक साधा चाकू केला. एक पातं, एक लाकडी मूठ. १८९७ साली त्याचे एक ते बारा नंबरचे आकार निघाले, चपलांसारखे. १९५५ पर्यंत तर उघडं पातं बोटावर मिटू नये म्हणून कडीसुद्धा नव्हती. शेतकऱ्यानं त्याच चाकूनं पाव कापावा, त्यानंच वेलीची फांदी छाटावी. हाच आणायचा, असं मी सौ.ना जाहीर केलं.

तेवढ्यात मुद्द्याची गोष्ट वाचनात आली. त्याची मूठ बीच लाकडाची. ती भिजली की फुगते आणि पातं आतच अडकतं. मग चाकू उलटा धरून मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, म्हणजे पातं टोक बाहेर काढतं. या युक्तीला तिकडे सॅव्हॉयकराचं नाव आहे. अहो, पण आमच्या गॅलरीत टेबल कुठून आणायचं? आणि मुंबईच्या जुलैत लाकूड फुगायला पाण्यात बुडवावं तरी कशाला लागतं? आमचं बाथरूमचं दार चार महिने मिटतच नाही.

न गंजणारं पोलाद घ्यावं म्हटलं, तर त्याचीही कथा आहे. १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीनं ते काढलं, तेव्हा 'न कापणाऱ्या चाकूंचा जनक' म्हणून लोकांनी त्याची टिंगल केली. आता त्यालाही धार चांगली टिकते. पण साधं पोलाद घरच्या निसण्यावर चटकन लागतं, एवढं मात्र खरं.

तिसऱ्या रात्री डूक-डूक सापडला. फ्रान्समधल्या तिएर या चाकूवाल्यांच्या गावी गास्पार कोन्ये यानं १९२९ साली तो काढला. गिऱ्हाईक कोण? पॅसिफिकमधल्या बेटांवरचे गरीब लोक. म्हणून मुठीवर तिकडच्या एका देवचाराचं चित्र. (प्रत्यक्षात चाकू जास्त खपला उत्तर आफ्रिकेत. गिऱ्हाइकानं कधी कारखानदाराचं ऐकलंय?) त्याची मूठ म्हणजे पत्र्याचा एकच तुकडा, मध्ये दुमडलेला. साध्या पोलादाचं एक पातं, एक स्प्रिंग, दोन-तीन रिव्हेटा आणि अडकवायला कडी. फुगायला लाकूड नाही, घाण अडकायला कानाकोपरा नाही. नळाखाली धरला की आरपार धुऊन निघतो.

चित्र पाहता पाहता मी उठलो आणि कपाटातली पुरचुंडी सोडली.

आत अण्णांचा चाकू होता. जत्रेत काही आण्यांना घेतलेला. मूठ पत्र्याची, मध्ये दुमडलेली. एक पातं, एक कडी. देवचार तेवढा नव्हता. हा चाकू अण्णांच्या कोटाच्या खिशात असायचा. त्यानं ते माझ्या परीक्षेच्या पेन्सिलींना टोक करीत, सायकलच्या मडगार्डातला चिखल खरवडीत, आणि धोतराला पुसून त्यानंच आंबा कापून माझ्या हातावर ठेवीत. निसण्यावर घासून घासून पातं निम्मं उरलं होतं. ते गेले तेव्हा मी तो तेल लावून रुमालात बांधला. त्याला वीस वर्षं झाली. अण्णांची वस्तू म्हणून कोणाला हात लावू दिला नाही.

उघडायला गेलो, तर उघडेना. आत पार गंजला होता.

सॅव्हॉयकराप्रमाणे आपटून पाहिला, उपयोग झाला नाही. सौ. मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली, सांध्यात चार थेंब सोडले आणि म्हणाल्या, "रात्रभर राहू दे." सकाळी पक्कडीनं ओढल्यावर पातं किरकिरत बाहेर आलं. मी अर्धा तास निसण्यावर घासलं. हात आपोआप अण्णांसारखा फिरत होता, किंवा मला तसं वाटलं.

मग धोतर नव्हतं म्हणून पायजमा वर खोचून गॅलरीत उतरलो. जाळीच्या कडेनं पातं फिरवलं, काथ्या कापला, लगदा उचकटला. पाणी एकदम गुडगुडलं आणि भोवरा होऊन गेलं. चाकू नळाखाली धरला, पुसला, तेल लावलं आणि रुमाल शोधू लागलो.

"रुमाल धुवायला टाकलाय," सौ. म्हणाल्या. "तिथं खिळा ठोका आणि कडीनं अडकवून ठेवा. परवाचे दोन आहेत ना?"

खिळा ठोकला. उपसलेल्या लगद्यात काहीतरी पांढरं दिसलं म्हणून वाकून पाहिलं, तर ती स्विस चाकूची दात कोरायची काडी होती.